बॅनरवरची ताई

मंगळ., ९ सप्टें.

आज विद्यार्थी सेवा केंद्राच्या दारावर मोठा बॅनर लागला. त्यावर ताईचा फोटो आहे आणि मला त्याखालून जाववेना. मागच्या दाराने ऑफिसात गेले. म्हणून ही वही. विलासला सांगता येत नाही, ताई माझी नणंद, त्याची थोरली बहीण. कॉलेजात सांगता येत नाही, नव्या मार्गांच्या योजनेची प्रमुख मीच.

फोटोत ताईने कॉलेजचा निळा टी-शर्ट घातलाय. मांडीवर कुणाचं तरी सोनेरी केसांचं बाळ. खाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत: मला माझा मार्ग सापडला.

सापडला नाही. मी तो तिच्या फॉर्ममध्ये भरला. जुलैत, किचन काउंटरवर लॅपटॉप ठेवून, भेंडी चिरता चिरता.

गुरु., ११ सप्टें.

नीट लिहायचं तर असं. पूर्वी आमच्या कॉलेजात कोर्सेसचा नुसता ढीग होता. मुलं मिळेल तो कोर्स घेत, वर्षं जात, हातात डिग्री नाही. या सत्रापासून सहा मार्ग केले. पहिल्या दिवशी एक निवडायचा, पुढे कुठल्या सत्रात काय ते ठरलेलं. निवडल्याशिवाय सिस्टीम रजिस्टर करू देत नाही. हा शेवटचा नियम माझा. समितीत दोघं विरोधात होते. त्यांना बोलू दिलं आणि पुढचा विषय घेतला.

ताईला कुठेच पोचायचं नव्हतं. सत्राला एक कोर्स, मनात येईल तो. आधी इंग्रजी, मग मातीची भांडी, मग अमेरिकेचा इतिहास, गेल्या स्प्रिंगला भूगर्भशास्त्र. जुलैत ध्येय नसलेल्यांची नावं निघाली, तेव्हा डीन डोना सगळ्यांसमोर हसून म्हणाली, "सुनंदा, तुझ्या घरातच एक भटकी आहे की!" सगळे हसले.

त्याच संध्याकाळी ताईचं लॉगिन उघडलं. तिचे सगळे पासवर्ड माझ्याकडे, कागदपत्रंही. बालसंगोपन मार्गावर क्लिक केलं. माझी मेघा आणि रोहन लहान असताना हीच सहा-सहा महिन्यांच्या व्हिसावर येऊन राहायची, म्हणून तर माझी नोकरी टिकली. तिला सोपं जाईल, असा विचार. पुढचे कोर्स सिस्टीमने आपोआप टाकले. सगळं झाल्यावर ताईला सांगितलं.

"बरं," म्हणाली.

रवि., १४ सप्टें.

अजून उकाडा. अमेरिकेतल्या आमच्या या फ्रिस्को गावाची माती उन्हाळ्यात आकसते, घराच्या पायाला तडे जातात, म्हणून भिंतीच्या कडेने पाणी सोडावं लागतं. हे काम ताईने आपण होऊन घेतलंय. कायमची राहायला आली त्या पहिल्या उन्हाळ्यात ती अंगणातली भेग बघत उकिडवी बसली होती. "अवं, ही तर आपली यवतमाळची काळी! इतक्या लांब येऊन हिलेच पाणी पाजायचं का?" त्यावरूनच पुढे भूगर्भशास्त्र. सी ग्रेड मिळाली. तो पेपर तिने फ्रिजवर लावला. मेघाच्या ए ग्रेड मी कधी लावल्या नव्हत्या. हा सी अजून तिथेच आहे.

आज नळी धरून उभी होती, तेव्हा विचारलं, क्लास कसा चाललाय.

"चाललाय. बाहुली देतात. बाहुलीचं लंगोट बदलायले शिकवतात. मी एका हातानं बदललं, तर मॅडम म्हणे दोन्ही हात वापरा."

दोघी हसलो. मग ती नळी घेऊन घराच्या मागे गेली. बराच वेळ आली नाही.

शुक्र., १९ सप्टें.

विलासने कौतुकाने बॅनरचा फोटो मुलांना पाठवला. मेघाचा ऑस्टिनहून फोन.

"आत्या लुक्स मिझरेबल, मॉम."

"हसतेय की."

"दॅट्स हर फोटो फेस. डिड यू इव्हन आस्क हर?"

सिस्टीमला एक मार्ग लागतोच, म्हटलं. मेघा भांडायचं असलं की मराठीत येते. "सिस्टीम कोणी बनवली?"

ड्राइव्ह करतेय असं सांगून फोन ठेवला. गाडी गराजमध्ये होती, बंद.

सोम., २२ सप्टें.

एक बाई भेटायला आली. रात्री वेअरहाऊसमध्ये काम, दिवसा कॉलेज, दोन मुलं. पूर्वी तिने इकडचे तिकडचे कोर्स घेतले, त्यातले निम्मे कशालाच लागू पडले नाहीत, सरकारी मदत संपत आली. आज हातात नर्सिंग मार्गाचा सत्रवार नकाशा होता. म्हणाली, पुढे काय करायचं ते इथे पहिल्यांदा कोणी सरळ सांगितलं.

तेव्हा रिफॉर्म चूक नाही. हे मुद्दाम लिहून ठेवते. उद्या रिफॉर्मला दोष देणं मला सोयीचं वाटेल.

चूक माझी. त्या बाईला आम्ही विचारलं होतं.

गुरु., २५ सप्टें.

परत येताना टोलवेवर गर्दी. ताई शेजारी. मान न वळवता विचारलं, "ताई, हा मार्ग तुम्हाला आवडत नाही का?"

"आता विचारतेस?"

"नाही म्हणायचं होतंत ना तेव्हाच."

एक्झिट गेली. मग एकदम: "तुह्या घरात राहते. तुह्या कॉलेजात शिकते. तुह्या गाडीत बसते. कुठून नाही म्हणू बाप्पा? उतरून म्हणू?"

मी काहीतरी बोलायला लागले, तिने हात वर केला. "पोरं सांभाळून झाली, सुनंदा. तुझी झाली, माह्या नणंदेची झाली, सासूले अंथरुणात सांभाळलं. आता त्याचं सर्टिफिकेट घेऊन काय करू? मले तो दगडांचा दुसरा भाग पाहायचा होता."

"मग फोटो कशाला काढू दिलात?"

"टी-शर्ट फुकट देत होते."

घरी आल्यावर तिने नेहमीसारखी भाकरी टाकली. मला दोन वाढल्या. मी एक परत ठेवली, तर म्हणाली, "खा. भांडण जेवणाशी नाही."

शुक्र., २६ सप्टें.

दगडांचा दुसरा भाग शोधला. जानेवारीपासून बंद. नव्या नकाशांत विज्ञानाचा एकच कोर्स बसतो, दुसऱ्याला विद्यार्थी मिळणार नाहीत, म्हणून. कॅन्सल करण्याच्या कागदावर सही माझी. मे महिन्यातली. सही करताना कोर्सचं नाव वाचल्याचंही आठवत नाही.

आता शेवटची एक बॅच आहे, ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतची. जागा आहेत. बालसंगोपन मार्गावरच्या विद्यार्थ्याला मात्र सिस्टीम तो कोर्स घेऊ देत नाही.

तिचा मार्ग मी दोन मिनिटांत बदलू शकते. लॉगिन आहेच. कर्सर तिच्या नावावर नेला. आणि मग कळलं की मी परत तेच करतेय.

रवि., ५ ऑक्टो.

धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम, कम्युनिटी हॉलमध्ये. दर वर्षी शिक्षणावर मी बोलते, मुलांची नाटुकली झाली की लगेच. नागपूरच्या एक काकू हात धरून म्हणाल्या, "तुझ्यासारखी भावजय मिळायला नशीब लागतं. या वयात शिकवतेस नणंदेला!" मी थँक यू म्हणाले. थँक यू म्हणाले!

ताई पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत, मन लावून ऐकत होती. भाषणात माझं एक ठरलेलं वाक्य असतं: आपल्या माणसांची वाट पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांनी ठरवली, आता ती कोणालाही ठरवू देऊ नका. तिथे आले आणि ते गाळून पुढे गेले. कोणाच्या लक्षात आलं नाही.

गाडीत बसल्यावर ताई: "ते वाक्य काहून गाळलं?"

विलास म्हणाला, "कुठलं?"

ताई म्हणाली, "गाडी चालव तू."

मंगळ., ७ ऑक्टो.

डोनाला सांगितलं, दार लावून. मार्ग मी निवडला, तिला विचारलं नाही, बॅनरवरचं वाक्य खोटं आहे, बॅनर उतरवा.

"अगं, सगळेच आईबाप मुलांचे फॉर्म भरतात."

"ती माझ्यापेक्षा मोठी आहे, डोना."

डोना म्हणाली, पुढच्या महिन्यात बोर्डाची मीटिंग आहे, तोवर राहू दे, लोकांना आवडलाय. मी नाही म्हटलं. शेवटी उतरवायचं ठरलं. पण तिचा आवाज थंड झाला. दुसरं सांगितलं ते तिला अजिबात रुचलं नाही. रजिस्टर करताना "अजून ठरलं नाही" असा पर्याय द्यावा, निदान पहिलं वर्षभर. "सुनंदा, हा नियम तूच भांडून आणलास."

हो. आता तो काढायलाही मीच भांडणार. समितीच्या नोव्हेंबरच्या अजेंड्यावर घातलाय. पास होईल असं वाटत नाही. विरोधात होते त्या दोघांना आज फोन केला. एकाने उचलला नाही, दुसरीने उचलून "अच्छा?" एवढंच म्हटलं.

गुरु., ९ ऑक्टो.

विलासला सांगितलं. तो टीव्ही बंद करून ऐकत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "मला वाटलं तिला आवडतंय." मग: "मीही नव्हतं विचारलं."

त्याने थोडा भार उचलला म्हणून माझा कमी झाला नाही.

गुरु., १६ ऑक्टो.

बॅनर काल उतरला. भिंतीवर टेपचे चार डाग.

आज जेवण झाल्यावर ताईला टेबलाशी बसवलं. तिची फाइल आमच्या कपाटातून काढून समोर ठेवली. म्हटलं, हे तुमचं, तुमच्याजवळ असू द्या. कॉलेजचं लॉगिन उघडून लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. मार्ग कसा बदलायचा ते एकदा दाखवलं, सहाच्या सहा उघडून दाखवले, कुठलाही क्लिक केला नाही. शेवटच्या बॅचबद्दल सांगितलं. नोंदणी उद्या संध्याकाळी बंद होते, हेही.

ताईने चष्मा पुसला. "अन् मी काहीच नाही घेतलं तर?"

"तर नाही."

"अन् त्या बाहुल्यांच्याच वर्गात राहिले तर?"

ती वाट पाहत होती, थोडी मजाही घेत होती.

"बरं," म्हटलं.

"हं. आता पासवर्ड बदलून दे."

"तुम्ही बदला."

"मग तिकडं तोंड कर."

केलं. सिंककडे बघत उभी राहिले. ती एका बोटाने टाइप करते. प्रत्येक अक्षराचा आवाज वेगळा येत होता. मध्ये एकदा चुकली, "हट् मेल्या" म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. मग लॅपटॉप मिटून बगलेत घेतला, फाइल उचलली. दारात थांबली. "काय काय दिलंस ते लिहून ठेव. उद्या म्हणशील, ताईनं हरवलं."

ऑफिसच्या स्क्रीनवर मला कॉलेजच्या कुठल्याही विद्यार्थ्याची नोंदणी दिसते. नाव टाकायचा अवकाश. उद्या दिवसभर मी त्याच स्क्रीनसमोर असेन.

ताईच्या सांगण्यावरून:

आज तिच्या हातात दिलं: पासपोर्ट. ग्रीन कार्ड. सोशल सिक्युरिटी कार्ड. बँकेचं कार्ड, पिनसकट. कॉलेजचं ओळखपत्र. भूगर्भशास्त्राचं पुस्तक, जे मी तिला न विचारता डोनेशनच्या खोक्यात टाकलं होतं. जुना लॅपटॉप व चार्जर. कॉलेजचं लॉगिन.

पासवर्ड: मला माहीत नाही.