एक साखळी जास्त

१२ डिसेंबर १९४४

सरकारला माझा ताग माहीत आहे!

पनवेलला कचेरीच्या भिंतीवर हुकूम लावलाय. माणसं नुसती बघत उभी होती. मी पदर सारखा केला आणि मोठ्यानं वाचला. पुड्यांच्या कागदांवर शिकलेलं माझं वाचन, पण कुठे अडखळले नाही. लढाईमुळे धान्य कमी आहे. कुणीही आपल्या जमिनीच्या चौथाईपेक्षा जास्त जागेत ताग लावायचा नाही. बाकीच्यात खायचं पीक. जास्तीचा ताग उपटला जाईल.

कागदावर माझे बत्तीस गुंठे. चौथाई आठ. भात काढून मी ताग पेरलाय दहा गुंठ्यांत.

कुठे मुंबईत कुणी तरी टाक उचलला, आणि तो टेकला माझ्या दोन गुंठ्यांवर. भीती वाटली. पण नवल जास्त वाटलं.

१४ डिसेंबर

शेजारच्या शेताचे बुधाजीभावजी, ह्यांचे चुलतभाऊ, म्हणाले, "वैनी, वाचाया सांगितलं कुनी तुला? आमाला हुकूम वाचता येत नाय, म्हंजे आमाला लागू नाय."

मग हळूच – "दोन गुंठं उपट. कशाला भांडतेस सरकारशी?"

३ जानेवारी १९४५

ताग फुलला. दाट पेरला की फांदी फुटत नाही, काडी सरळ वर जाते. आत शिरले तर डोक्यावर नुसता पिवळा रंग – माझं शेत, आणि मीच हरवले! बाहेर यावंसं वाटेना.

दहा गुंठे का, ते इथे लिहून ठेवते. तीन पावसाळ्यांमागे उधाणाच्या भरतीनं खाडीकडच्या बांधाला खांड पडली. हे बुजवायला गेले आणि पाण्यानं ओढून नेले. तिसऱ्या दिवशी उरणच्या गुणाबाई कोळणीच्या घरच्यांना जाळ्यात सापडले. होडीतून त्यांनी घरी आणलं, वर घोंगडी घातलेली. ते जाळं त्यांनी पुन्हा पाण्यात टाकलं नाही. मी न विचारता कबूल केलं – नव्या जाळ्याचं सगळं सूत माझ्या हातचं. मोठ्या जाळ्याला दहा गुंठ्यांचा ताग लागतो. आठांत भागत नाही.

९ जानेवारी

तलाठी परवा साखळी घेऊन येणार.

११ जानेवारी

साखळी बघितली. लोखंडी कड्यांची, तेहतीस फूट. जमिनीवर टाकली की सापासारखी वळवळते, ओढली की सरळ होते. एक साखळी लांब, एक रुंद – झाला गुंठा. इतकं सोपं! इतकी वर्षं मला वाटायचं, मोजणी म्हणजे काही मंत्र आहे.

तागाचे दहा भरले. लपवायला काही नव्हतंच. मग तलाठी म्हणाले, अख्खं शेत मोजू. रुंदी आठ साखळ्या, कागदाबरोबर. लांबी कागदावर चार.

चार झाल्या. बांध अजून पुढेच!

पुन्हा मोजलं. पाच. खाडीच्या अंगाला एक साखळी जास्त. आठ गुंठे जास्त.

तलाठी घाम पुसत म्हणाले, "बाई, खाडीनं तुम्हाला बक्षीस दिलं की काय?"

भावजी बांधावर बसून म्हणाले, "दिलं नाय. दादानं घेतलं. बांद बाहेरनं भरायचा ना तो. आतली माती उचलायची, बाहेर थापायची. दरसाल हात-दीड हात. मला म्हनायचा, कुनाला बोलू नको, खाडीला कलंल."

१२ जानेवारी

आज पाचवी साखळी पायांनी चालले. वीस पावलंसुद्धा नाहीत. चौदा वर्षं!

चौदा वर्षं मी त्या बांधावर न्याहारी नेली. माणूस गुडघाभर चिखलात, हातात गोळा. मला वाटायचं, डागडुजी चाललीय. समोर एक माणूस खाडी मागे सारत होता आणि मी म्हणत होते, भाकर गार होतेय.

ते गेल्यावर मी बांध आतून भरत आले. आतून भरला की शेत तेवढं आत येतं. तीन वर्षं मी त्यांची जमीन परत खाडीला देत होते!

१३ जानेवारी

तलाठ्यांनी बाजूला बोलावलं. "चाळीस गुंठे लिहितो. चौथाई दहा, तुमचा ताग सगळा वाचला. पण वरचे आठ कुणाचे, असं विचारणं येईल. खाडी सरकारची, बाई."

"आणि बत्तीस लिहिले तर?"

"दोन गुंठे ताग उपटा, वाल घाला. शेवटच्या साखळीच्या वेळी माझ्या डोळ्यांत ऊन होतं."

गुरुवारपर्यंत सांगायचंय. कबूल केलेलं सूत, की ह्यांनी केलेली जमीन.

१६ जानेवारी

उरणला गेले. गुणाबाईला सगळं सांगितलं. तिनं हातातली सुकट खाली ठेवली.

"येडी का खुली तू? तुजा मानूस त्या बांदापायी गेला. आनि तो बांद तू सरकारला देनार, माज्या जाल्यासाटी?"

"कबूल केलंय, गुनाबाय."

"जालं चार हात आखूड करीन. मासं काय आमचं जालं मोजून येतात?"

मी रडले. ती म्हणाली, "रड. पन खाऊन रड." आणि ताट वाढलं.

१८ जानेवारी

बत्तीस लिहिले. अंगठ्याची शाई पुढे आली, ती सारली आणि सही केली. तलाठी सहीकडे बघतच राहिले.

१९ जानेवारी

दोन गुंठे उपटले. गुणाबाई उरणहून आली, भावजीही आले. फुलं होती तशीच पडली. कोवळा ताग मातीत गाडला, वाल टोकले. आता कसले वाल येणार! पण हुकूम आहे.

भावजी म्हणाले, "वाचाया शिकलीस, त्याचं फल."

४ फेब्रुवारी

आज बांधाला माती घातली. हात-दीड हात. बाहेरून.