काल दुपारी काय केलंत?

३ फेब्रुवारी, सोमवार

बेचाळीस प्रश्न! समितीत सात माणसं, आणि प्रत्येकाला आपले सहा हवेतच.

आमच्या पाहणी-संस्थेच्या संचालकबाईंनी प्रश्न तपासायची फाइल माझ्या टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "सतराला प्रश्नावली छापायला गेली पाहिजे. ज्येष्ठांचं दिवसभराचं केंद्र चालू ठेवायचं की बंद करायचं, ते याच पाहणीवर ठरणार." म्हणजे दोन आठवडे. वर्तमानपत्रात असताना दोन तास मिळाले तरी चैन वाटायची.

पहिलाच प्रश्न — 'केंद्रातील दर्जेदार व आपुलकीच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?' याला नाही म्हणायला माणूस मुळातच भांडखोर हवा.

घरी आलो तर ताईचा फोन. आईच्या घराला गिऱ्हाईक आलंय. पंधराला होय की नाही ते सांगायचंय. आई घोटा मोडल्यापासून आमच्याकडे आहे. घोटा केव्हाच जुळला, ती राहिली.

"तिला विचारलंस का तू?" — ताई.

"रोज विचारतो. छान आहे म्हणते."

"मग झालं तर."

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर कात्री. 'केंद्राची वेळ व जागा आपल्याला सोयीची आहे का?' — वेळ सोयीची आणि जागा तिसऱ्या मजल्यावर, अशा माणसाने खूण कुठे करायची? दोन प्रश्न वेगळे केले. हा प्रश्न समितीतल्या निवृत्त डॉक्टरांचा. फोनवर फुरंगटले. "माझ्या प्रश्नाचे तुकडे केलेत तुम्ही."

"तुकडे कसले? तुमचा एक होता, आता दोन झाले."

खूश झाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चाचणीला गेलो, तोफेबरोबर. तोफ म्हणजे आमची सर्वांत जुनी मुलाखतकार. नाव तिच्या आवाजावरून पडलंय, आणि तिला ते आवडतं.

आठ घरं, आठ ज्येष्ठ. सगळं छान. शेवटी गेलो ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका आजोबांकडे. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून दुकान बंद. सून शेजारी बसून होती. केंद्र कसं आहे? — छान. माणसं? — छान. मी मुद्दाम एक खोटा प्रश्न घातला होता, लोक ऐकून उत्तर देतात की नुसतंच देतात ते कळावं म्हणून. केंद्राच्या फिरत्या वाचनालयाचा उपयोग होतो का?

"फार होतो. गाडी अगदी वेळेवर येते."

अशी गाडीच नाही.

जिना उतरताना तोफ हसून हसून कठड्याला टेकली. मग म्हणाली, "त्यांना कशाला हसायचं? घरी पाहुणे आलेत, सून समोर बसलीय, आणि तुम्ही विचारताय छान आहे ना. माणूस दुसरं काय म्हणणार?"

८ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टीच्या दिवशी सगळं नव्याने लिहिलं. मत विचारायचंच नाही. कालचा दिवस विचारायचा. 'केंद्र आवडतं का' याच्याऐवजी — 'काल दुपारी काय केलंत?' शक्यतो माणूस एकटा असताना. आवडतं की नाही ते आपण नंतर शोधू.

आईला म्हटलं, बरं वाटतंय ना? म्हणाली, हो रे. तू जेव आधी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा घड्याळवाल्या आजोबांकडे. सून कामावर.

"काल दुपारी काय केलंत?"

"काही नाही."

मी पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तेवढ्यात तोफेने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. आणि पेन्सिलीला टोक करत बसली. इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती. मला ती शांतता सोसेना. आजोबांनाही सोसली नाही.

"केंद्रात गेलो होतो. वर नाही गेलो, तीन जिने आहेत. खाली बाकावर बसतो. वरून कोणी खाली उतरलं की दोन शब्द होतात. काल कोणी उतरलं नाही."

बाहेर आल्यावर तोफ म्हणाली, "हे केंद्र बंद नाही करायचं. खाली आणायचं."

संचालकबाईंना तसंच सांगितलं. त्यांनी बेचाळीसमधले निम्मे प्रश्न स्वतःच्या हाताने खोडले. "समितीला मी बघते," म्हणाल्या. फार दिवसांनी काम करून अंग हलकं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना आईशी बोलून घेतलं. सगळे होते. बायको, लेक, शिवाय ताई फोनवर.

म्हटलं, "आई, इथे तुला बरं वाटतंय, तर ते घर काढून टाकलं तर चालेल ना?"

"तुम्ही ठरवाल ते," आई म्हणाली आणि लेकीच्या ताटात पोळी वाढली.

ताई म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना."

चला, एक विषय मिटला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

नाही मिटला.

कालचा माझा प्रश्न ऑफिसात एका कागदावर लिहून बघितला. एका वाक्यात दोन प्रश्न. उत्तर प्रश्नातच. खोलीत तीन माणसं, चौथं फोनवर, आणि दाराशी गिऱ्हाईक. समितीतल्या कोणी असा प्रश्न पाठवला असता तर मी त्याची चेष्टा केली असती. आणि आईला मी हाच प्रश्न सहा महिने रोज विचारतोय.

तोफेला दाखवला. तिने चष्मा लावून वाचला. "कोणाचा हो हा? बदला त्याला."

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बायको आणि लेक बाजारात गेल्या. आई वाटाणे सोलत होती. मीही समोर बसून सोलायला घेतले.

"आई, काल दुपारी काय केलंस?"

"काल? काही नाही."

गप्प बसलो. चार शेंगा झाल्या. पाचवी.

"घरी जाऊन आले."

"कुठल्या घरी?"

"माझ्या. बस जाते की थेट. खिडक्या उघडते, केर काढते. मग वरची येते चहाला." वरची म्हणजे वरच्या मजल्यावरची, शाळेत व्यायाम शिकवायची ती. "तिनेच घोट्याचा व्यायाम करून घेतला माझ्याकडून. मंगळवारी आणि शुक्रवारी जाते."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? तू विचारतोस, बरं वाटतंय ना. वाटतं की. इथेही वाटतं."

"मग तिकडे का नाही गेलीस परत?"

आईने दाणे पातेल्यात टाकले. "तुझं तोंड बघून. रोज दारातून आत येतोस आणि बूट काढायच्या आधी विचारतोस. मला वाटलं, तुलाच मी इथे हवी आहे."

मी पुढची शेंग सोलायला घेतली. ती वाट बघत राहिली. या बाबतीत ती तोफेच्या वरताण आहे.

ताईला फोन केला. गिऱ्हाइकाला नाही कळव म्हटलं. आधी तडकली. मग म्हणाली, "बसने? एकटी?" आणि हसायलाच लागली.

१७ फेब्रुवारी, सोमवार

प्रश्नावली छापायला गेली. वेळेत. पहिला प्रश्न — काल दुपारी काय केलंत?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अर्धी रजा टाकून आईच्या घरी गेलो. वरचीने दार उघडलं. तीन कप. आईने चहा ओतला आणि विचारलं, "तू काल दुपारी काय केलंस?"

"काही नाही. काम."

दोघी गप्प बसल्या. बशीत कपही नाही वाजला. मग मी सांगायला लागलो.