आपुन म्हणजे कोण

१८ मे ४७, अमरावती
दिवे गेलेले, रेडिओ मुका. तरी ओसरीवर माणसं बसून होती. दाऊदभाईंनी कालच्याच बातम्या नव्याने सांगितल्या आणि वर नगरपालिकेच्या नळांवर अर्धा तास. कुणाची तक्रार नाही. हे गेले तेव्हा वाटलं होतं, संध्याकाळची बैठकही ह्यांच्याबरोबर जाईल. गेली नाही. रेडिओ ह्यांचा, गळा दाऊदभाईंचा. (इथून पुढे दा.भा.; एवढं नाव रोज लिहायचा कंटाळा येतो.) मुंबईचं मराठी इथे नुसतं खरखरतं. दिल्लीचं हिंदुस्थानी स्वच्छ लागतं, पण ते आपल्या बाजारातलं हिंदी नव्हे, निम्मं डोक्यावरून जातं. म्हणून दा.भा. कापसाची अडत बंद केली की थेट इकडे, दिल्लीचं वऱ्हाडीत सांगायला. दिल्ली दहा मिनिटं, गाव तासभर.

२५ मे
आज पोतदार मास्तरांनी दा.भां.ना छेडलं. दिल्लीवाला नुसतं ‘हम’ म्हणतो. मराठीत त्याचे दोन होतात, आपण आणि आम्ही. तुम्ही कसं ठरवता कुठलं घ्यायचं? दा.भा. म्हणाले, “त्यात ठरवाचं काय? रेडिओ आपल्या ओसरीवर हाय, तं आपुनच.”
खरंच, ते सगळ्याला ‘आपुन’ लावतात. आपुन ठराव केला, आपल्याले कापड कमी भेटन. नगरपालिकेने नळाचा घोळ घातला तर तोही “आपुन घोळ घातला”. मी दाराआड बसून हसले. बऱ्याच दिवसांनी.

४ जून
काल संध्याकाळी ती बातमी. देशाचे दोन होणार. ओसरी भरून माणसं रस्त्यावर. दा.भा. खाली बघून सांगत होते. एक वाक्य दोनदा सांगितलं, कुणी मागितलं नव्हतं. मग वऱ्हाडाचं काय, निजाम पुन्हा हक्क सांगेल का, नागपूरलाच बांधलेलं राहायचं का, प्रश्नांवर प्रश्न. दा.भा. म्हणाले, माहीत नाही. त्यांना माहीत नाही असं ह्या ओसरीवर कधी झालं नव्हतं.
नळाचं कुणी काढलं नाही.

९ जुलै
रोज गर्दी, रोज तणतण. पूर्वी माणसं भांडून पान खायला एकत्र जायची. आता तशीच घरी जातात. दीर अकोल्याहून आले होते. विधवेच्या ओसरीवर रोज एवढे पुरुष, बरं दिसत नाही म्हणाले. त्यांना पोहे दिले आणि विषय बदलला.

१६ ऑगस्ट
काल झेंडे, मिरवणूक, साखर. मीसुद्धा ह्यांच्या फोटोला साखर दाखवली.
आजचं लिहायला हात वळत नाही. लिहिते.
बातम्या झाल्या. दा.भां.चा आवाज कालपासून बसलेला, तरी उभं राहून म्हणाले, “आता आपुन मोकळे झालो. जे काही बिघडन ते आपुनच बिघडवू, आन आपुनच निस्तरू.”
तर गोपाळने विचारलं, “आपुन म्हणजे कोन, दाऊदभाई?”
गोपाळ समोरच्या कापडदुकानातला मुनीम. ह्यांच्या आजारपणात रात्ररात्र उशाशी बसलेला. चिडून नाही विचारलं. मला तर वाटतं त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तेच जास्त लागलं.
मी आतून म्हटलं, आपण म्हणजे ही ओसरी. पण आवाज नीट फुटला नाही, पहिल्या दोघांपलीकडे गेला नसावा. मास्तर छताकडे बघत होते. दा.भा. हसले, टोपी सारखी केली, पुढची बातमी सांगितली.

२४ ऑगस्ट
पंजाबच्या बातम्या. ऐकवत नाहीत, बंदही करवत नाहीत.
दा.भा. येतात, पण वाक्यंच अशी जुळवतात की त्यात आपण नको नि आम्ही नको. “सरकारनं केलं.” “लोकाईले भेटन.” “असं ठरलं.” सरकारी पत्रकासारखं. बाकी कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. मी इतकी वर्षं दाराआडून नुसते शब्दच ऐकत आले, मला कळतं.

२ सप्टें.
दा.भा. नाहीत.

५ सप्टें.
आजही नाहीत. अडतीला कुलूप. अकोल्याला मुलीकडे गेलेत म्हणे. जावयाचे भाऊ हैदराबादेत, ते सगळ्यांना तिकडे बोलावून राहिलेत. गोपाळ दोनदा विचारून गेला, कधी येतील. मी म्हटलं, तूच सांग. फार टोचून बोलले. पोरगा मान खाली घालून गेला.

१९ सप्टें., अकोला
दिराकडे आले, निमित्त त्यांच्या नातवाचं बारसं. दुपारी वाट वाकडी करून दा.भां.च्या मुलीचं, जुबेदाचं, घर गाठलं. जुबेदाने चहा केला. दा.भा. वाळलेत. त्या घरात रेडिओ नाही, आणि त्यांना तेच बरं वाटतंय.
मी गोपाळची रदबदली करायला लागले. त्यांनी थांबवलं. म्हणाले, “त्याच्यावर राग नाही. त्यानं तोंडानं तरी इचारलं.”
मग या परत, मी म्हटलं. तुमच्याशिवाय बैठक नाही.
त्यांनी कप खाली ठेवला. “वहिनी, बातमी सांगाले आपुन म्हना लागते. थो शब्द आता तोंडापर्यंत येते आन थांबते.”
हैदराबादचं विचारलं. दिवाळीनंतर ठरवायचं म्हणतात. जुबेदाला जायचं नाही, जावयाला जायचंय. निघताना दारापर्यंत आले. “सांभाळून जा. आमी पाहू काय होते थे.”
टांग्यात बसल्यावर ध्यानात आलं. आमी.

२० सप्टें.
बडनेऱ्याला गाडी बदलताना बाकावर बसून रडले. एका बाईने विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, अजून कुणी नाही.

२६ सप्टें., अमरावती
बैठक मोडावी असं ठरवलं होतं. रेडिओ लावायचाच नाही. पण संध्याकाळी माणसं आपली येऊन बसली, आणि मी कळ फिरवली. सवय.
दिल्ली बोलून गप्प झाली. कुणालाच धड कळलं नव्हतं. गोपाळच म्हणाला, “वहिनी, तुमाले समजते. तुमी सांगा.”
दीर असते तर काय म्हणाले असते. मी उंबऱ्याबाहेर आले, बसले. दिल्लीवाला तीन-चारदा ‘हम’ म्हणाला होता. मी सांगायला लागले आणि दर वेळी तोंडातून आपसूक ‘आपण’ आलं. आपण हे केलं, आपल्याला ते करायचंय. सगळे माना हलवत होते. गोपाळही.
मला कुणी विचारलं नाही, आपण म्हणजे कोण.