तासाच्या आतला उशीर

ती. हरेशमामा,

पायावर डोकं ठेवतो (रागावला असलात तरी पाय मागे घेऊ नका). मामीचे गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक, फक्त आई माझ्याशी बोलत नाही.

रविवारच्या माझ्या आणि तुमच्या वर्षाच्या साखरपुड्याचं नियोजन माझं होतं, हे कबूल. आश्रमशाळेत गणित शिकवतो म्हणून घरच्यांनी ते माझ्याच गळ्यात मारलं. आमच्या पाड्यावर रेंज नाही, फोन घ्यायचा तर टेकडी चढावी लागते. जव्हारहून जीप आणणारे लाडक्याकाका, मोखाड्यात साडी घेऊन थांबलेली पुष्पाआत्या आणि खोडाळ्याच्या अलीकडे फाट्यावर उभे राहणारे बुध्याआजोबा, या सगळ्यांनी दर पाच मिनिटांनी फोन केले असते तर नवरदेव टेकडीवरच राहिला असता! म्हणून मी नियम केला: तासाच्या आत उशीर झाला तर फोन नको, तास ओलांडला तरच करा.

मामा, तुमची शपथ, नियम एकानेही मोडला नाही. काकांची जीप पंक्चर झाली, पन्नास मिनिटं. फोन नाही. आत्याचं ब्लाऊज शिंप्याकडे अडकलं, पंचावन्न मिनिटं. फोन नाही. आजोबा वाट बघून कंटाळले आणि ओळखीच्या घरी जाऊन भाकरी खात बसले (तिथे म्हणे आग्रह फार झाला). त्यांना शोधून जीपमध्ये घालेपर्यंत अठ्ठावन्न. ज्याचा त्याचा उशीर तासाच्या आत, त्यामुळे तुम्हाला कळवायची पाळी कुणावरच आली नाही. अकराची वेळ दिलेली आणि आम्ही पावणेदोनला तुमच्या दारात. दाराला कुलूप! शेजारची येसू म्हणाली, पाहुणे जेवून गेले आणि तुम्ही तणतणत शेतावर. एवढी बेरीज गणिताच्या मास्तरला सुचू नये? फार लाज वाटली हो.

येत्या मंगळवारी वर्षाला बघायला विक्रमगडचे लोक येणार असं कळल्यापासून घास उतरत नाही. मला तीच हवी आहे. काय बोलायचं ते मला बोला, पण सोयरीक मोडू नका.

तुमचा भाचा,
धनेश

ता. क. : पत्र पोस्टात टाकायला निघालो होतो. आई एकदाची बोलली. म्हणाली, टाक, वर्षाच्या पोराच्या बारशापर्यंत पोचेल.

ता. क. २ : म्हणून स्वतःच घेऊन आलोय, येसूच्या हाती आत पाठवतोय. तुमच्या कुंपणापाशी उभे आहोत. काका, आत्या, आजोबा, साडी, सगळं एकाच जीपमध्ये. वाचून झालं असेल तर मान वर करून बघा, आणि तुमची बहीण खाली उतरायच्या आत ‘या’ म्हणा.