बाबांची मेणबत्ती

मंगळवार, १४ ऑक्टोबर

फिलोमिनाला फेसबुक कुणी शिकवलं! शेजारीण म्हणून चांगली आहे, पण बोटं आवरत नाहीत. आज बाबांचा ऐंशीवा वाढदिवस. तिनं गावाच्या पानावर त्यांचा हर्लिंग खेळायचे तेव्हाचा, हातात काठी घेतलेला संघातला जुना फोटो टाकला — 'आपला फर्गस! असा माणूस पुन्हा होणे नाही.' वाढदिवसाचं नावही नाही! खाली कुणीतरी चित्रातली मेणबत्ती लावली, केकवरची. पुढच्याला ती चर्चमधली वाटली. 'आत्म्यास शांती लाभो.' झालं! रीघच लागली.

बुधवार, १५

उना आत्यानंही लिहिलं — 'भावा, गेलास रे!' सख्खी बहीण! फोनवर म्हणते कशी, "अगं, काल सकाळी चर्चमध्ये माझ्याच शेजारी बसला होता. पण एवढी माणसं लिहितायत, म्हटलं त्यानंतर झालं असेल!" कपाळ बडवून घ्यावं!

मी लिहिलं — 'बाबा जिवंत आहेत!!' उत्तर आलं — 'हो गं बाळा, आमच्या हृदयात कायम.'

गुरुवार, १६

गावातल्या दोघी हॅमचे सँडविच घेऊन सांत्वनाला आल्या. दार बाबांनीच उघडलं. "मोहरी लावलीय ना? मेलो म्हणून काय झालं!" खूप हसल्या, चहा प्यायल्या. घरी जाऊन पानावर एक ओळ लिहिली का? छे! "सगळे रडत असताना आपणच कसं बोलायचं? बरं दिसत नाही."

शुक्रवार, १७

फिलोमिनाला दम भरला — काढून टाक तो फोटो! तर बाबाच आडवे आले. "राहू दे. डेकलन ते पान बघतो."

डेकलन म्हणजे माझा भाऊ. पर्थला असतो. बाबांनी आईचं शेत विकलं तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द नाही, फोनही उचलत नाही. "जिवंतपणी नाही आला, आता तरी येतो का बघू. तू त्याला काही कळवायचं नाहीस, शपथ आहे." असला खेळ करतात का! मी ओरडले. ते ठेवणीतल्या सदऱ्याला इस्त्री करत राहिले. मला दया आली, आणि दया आली याचाच जास्त राग आला.

शनिवार, १८

काही नाही. दर घटकेला — "बघ गं, लिहिलं का त्यानं?"

रविवार, १९

डेकलननं लिहिलं. त्याच्या आधी कुणा बाईंनी लिहिलेलंच वाक्य, जसंच्या तसं — 'तुमच्या कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे.'

तुमच्या!

बाबांनी चष्मा लावून वाचलं. फोटो पानावरून काढून टाकायला सांगू का, मी विचारलं.

"असू दे," म्हणाले. "त्याच्यापुरतं खरंच आहे."