पायांतलं पाणी

२ जून
बोटीतून उतरले तर गोगो एस्टेले काठी टेकत दारातच उभ्या. इथे आजीला गोगो म्हणतात, त्या मात्र अख्ख्या गावाच्या गोगो. म्हणाल्या, "फालेसी, तू माझी राखण करायला आलीस की माझ्या सुक्या मासळीची?" मी हसले. घर छान आहे, ओसरीतून सगळं सरोवर दिसतं. त्यांचे पाय मात्र कसाव्याच्या कंदासारखे सुजलेत, बोट दाबलं की खळगा तसाच राहतो. हृदय दमलंय. दवाखान्यातल्या सिस्टरनं बजावलंय, लघवीची गोळी सकाळी एकच, मीठ बंद, बसताना पाय उंच, रोज वजन. जुलाब, उलटी किंवा चक्कर आली तर गोळी थांबवून लगेच घेऊन यायचं.

७ जून
खारी मासळी लपवून ठेवली. बिनमिठाच्या भाजीबरोबर न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हे तुरुंगाचं जेवण, असं गोगो म्हणतात, तरी खातात. सूज हळूहळू उतरतेय. नातीच्या लग्नात निळे बूट घालून नाचायचंय त्यांना. ते बूट उशाशीच असतात.

१३ जून
बूट आज पायात गेले. गोगो टाळ्या वाजवत होत्या. पण वजन फार भरभर उतरतंय. जीभ कोरडी पडलीय, पोटऱ्यांत वांब येतात. दुपारी मला हळूच सांगितलं, की त्यांचा बुडालेला नवरा जेवणानंतर येतो, पायाशी बसतो आणि पायांतलं पाणी पितो. मी म्हटलं, स्वप्न असेल. त्या चिडल्या.

१५ जून
गादीखाली लघवीच्याच गोळ्या सापडल्या, फेरीवाल्याकडून घेतलेल्या. सिस्टरच्या गोळीवर आणखी मूठभर घेत होत्या. कालपासून जुलाबही आहेत. सगळ्या गोळ्या काढून घेतल्या. गोगो रडल्या, म्हणाल्या, "त्या मी माझ्यासाठी नाही गं घेत. तो तहानलेला असतो." बोटवाल्याला निरोप धाडला. पण म्वेरा, तो दक्षिणेचा वारा, सुटलाय, लाटा घराएवढ्या आहेत, आणि दुसरी वाट नाही.

१६ जून
वारा तसाच. सकाळपासून लघवी नाही. उभं केलं तर कोसळल्या. पाणी पाजावं तर हृदयाला झेपेल का, न पाजावं तर— विचारायला कुणी नाही. चमच्यानं थोडं थोडं पाजतेय. मला लेकीच्या नावानं हाक मारतात.

१७ जून
पायांची नुसती काडी झालीय. भर दुपारी, माझ्याकडे बघत म्हणाल्या, "त्याला जरा सरकायला सांग. मला सरोवर दिसत नाही."
पायथ्याची चटई ओली. मी पाणी सांडलं नव्हतं. पुसली— परत ओली.

१८ जून
नाडी हाताला लागते— सुटते. हाक मारली, डोळे उघडत नाहीत. पाजलेलं ओठाच्या कडेनं बाहेर येतं. आणि तरी कुणीतरी घोट घेतल्याचा आवाज—

१९ जून
वारा पडला. बोट आली. बोटवाला दारातून आत बघून गेला, उचलायला माणसं आणतो म्हणाला. जाताना म्हणाला, "पायाशी बसलेत ते बाबा धरतील ना एक बाजू?"
मी वळून पाहिलेलं नाही. डावा हात गोगोंच्या छातीवर आहे. एक ठोका— मग काही नाही— किती वेळ— मग पुन्हा—
नाही. आता नाही.
चटईवरचं पाणी माझ्या टाचेला लागलंय. माझे पाय जड— सकाळी नव्हते— बोट दाबलं, खळगा तसाच— तो सरकतोय, गोगोंकडून माझ्या—