नळीवरचा वीतभर डाग

मी, खाली सही करणारा दशरथ लवू घाडी, वय ६९ वर्षे, धंदा पूर्वी बंदूक दुरुस्ती, हल्ली विश्रांती, राहणार खोली क्र. ९, मुलुंड पश्चिम, मुंबई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी रुक्मिणी हिचा धाक बेचाळीस वर्षांचा आहे, तो दडपणात धरू नये.

१. राहती खोली, भांडीकुंडी आणि पोस्टातील पुस्तक रुक्मिणीचे. "आता आमच्याकडे चल" असा आग्रह तिला कोणी करू नये. वाटले तर ती जाईल, आणि दोन दिवसांत परत येईल.

२. मुलगा विद्याधर, राहणार बोरिवली, यास माझा रेडिओ, शिसवी कपाट आणि गावच्या घरातील माझा हिस्सा. घरची बंदूक त्यास देत नाही. राग नाही, पण तिला चामड्याच्या म्यानात घालून दिवाणखान्यात टांगणार, असे त्यानेच सांगितले. चामडे ओल धरते. हे मी त्यास तो दहा वर्षांचा असल्यापासून सांगत आहे. तो बँकेत अधिकारी झाला, पण एवढे मात्र त्याच्या डोक्यात शिरले नाही.

३. माझ्या वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक, जिचा परवाना आज माझ्या नावे आहे, तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. वकील भाऊराव म्हणाले, "घाडी, हे मृत्युपत्र आहे, पुराण नव्हे." मी म्हटले, "फी तीच ना? मग लिहा."

नळ्यांवर निळसर काळी झाक असते, तिला आम्ही कारागीर 'ब्ल्यू' म्हणतो. तो वरून लावलेला रंग नव्हे. ती पोलादाची स्वतःचीच पातळ कातडी. गंज काढायचा तो ही कातडी न सोलता. फोर्टातल्या दुकानात चौतीस वर्षे मी तेच केले.

१९७४ च्या दसऱ्याला रुक्मिणीचा धाकटा भाऊ अंबादास सकाळीच आला. मी झेंडूची फुले आणायला खाली गेलो होतो. नळीवर गंजाचे चार ठिपके होते. त्याने तांब्याच्या कळशीला लावतात तशी चिंच लावली आणि वर पॉलिश पेपर मारला. मी आलो तेव्हा वीतभर नळी पांढरीफटक.

"भावोजी, बगा, चांदीसारखी केलीय!"

"वाट लावलीस," मी म्हटले, आणि पुढची अकरा वर्षे त्याच्याशी बोललो नाही. तो भाऊबीजेला आला की मी गॅलरीत जाऊन बसायचो. तो डाग मला स्वतःला दुरुस्त करता आला असता. केला नाही. दर दसऱ्याला पाहुण्यांना दाखवायचो.

"तुम्हाला ब्ल्यू नको, डाग हवाय," रुक्मिणी म्हणायची. खोटे नव्हते.

४. गेल्या वर्षी जुलैत छातीच्या दुखण्याने मी महिनाभर इस्पितळात होतो. पावसाळ्यात बंदुकीला दर आठवड्याला तेलाचा हात लागतो. खाटेवर पडून मला नळ्यांचीच काळजी. घरी आलो तो आधी कपाट उघडले. खाली लाल झालेल्या चिंध्यांचा ढीग, म्हणजे गंज चांगलाच चढला होता. नळ्या मात्र स्वच्छ, आणि ब्ल्यूवर नवा ओरखडा नाही.

"कोणी केलं?"

"मी," रुक्मिणी म्हणाली. तिची बोटे संधिवाताने वाकलेली. तिला बाटलीचे बूच उघडवत नाही. दाराआड अंबादास उभा होता. त्याची नखे काळी.

"कशानं काढलास?" मी त्याला विचारले.

"तेलानं. दिवसभर मुरू दिलं. मग तांब्याच्या जुन्या भोकाच्या पैशाच्या कडेनं हळूहळू. तांबं नरम, पोलादाला चरा पडत नाय. मग कापसानं पुसायचं, परत तेल."

"शिकवलं कोणी?"

"तुम्हीच. ताईनं तुमची दुकानातल्या कामाची वही वाचून दाखवली. मी नऊ दिवस रजा घेतली."

"आणि चिंच?"

"चिंच आता फक्त आमटीत, भावोजी."

हसताना माझी छाती दुखली, तरी हसलो. परवानाधारक इस्पितळात असताना हे कायद्यात कसे बसते, ते वकिलांनी विचारू नये.

सबब सदर बंदूक, माझी सर्व हत्यारे आणि वही मी अंबादास यास देतो. त्याच्या नावे परवाना निघेपर्यंत बंदूक पोलीस ठाण्यात जमा राहील. जमा करण्यापूर्वी तिला तेलाचा पातळ हात द्यावा आणि माझ्या जुन्या धोतरात गुंडाळावी. ठाण्यातल्या साहेबांना नम्र विनंती की ती भिंतीला टेकवू नये.

पुरवणी. सह्यांच्या वेळी अंबादास इस्त्रीचा शर्ट घालून साक्षीला आला. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष घालू नये, असा वकिलांचा सल्ला. कारण सांगायचे नव्हते, म्हणून मी नुसते "तू नको" म्हटले. तो जिन्याजवळ जाऊन उभा राहिला.

"माझ्या सहीवरसुद्धा भरवसा नाय ना?" बाहेरून आवाज आला.

आणखी अकरा वर्षे माझ्याजवळ नाहीत. मी त्यास आत बोलावले आणि कलम चार मोठ्याने वाचून दाखवले. तो बराच वेळ खिशात रुमाल शोधत राहिला. मग म्हणाला, "भावोजी, नवा परवाना निघायला वर्ष तरी जाईल. तवर तुम्ही थांबा."

प्रयत्न करतो, असे मी सर्वांसमक्ष कबूल केले आहे. ही कबुली कायद्याने बंधनकारक नाही, असे वकील म्हणतात.

सही: दशरथ लवू घाडी

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. धोंडिराम परब, खोली क्र. १०
२. डॉ. वसुधा केळुसकर

मुलुंड, ता. ९ फेब्रुवारी १९८६